रस्ता आणि ट्रॅक, दोन्हीसाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बदलायचाय: कुठला घ्यावा?

वक्रगती

नमस्कार मंडळी. गाडी जुनी, दोन दारांची, मागच्या चाकांवर चालणारी. मी आत बसल्यावर वजन साडेपंधराशे किलोच्या आसपास. तिच्यात शेवरोलेचं एलएस३ इंजिन बसवतोय, ६.२ लिटर, कॅम बदललेला. ५०० हॉर्सपॉवर आणि ६०० न्यूटन-मीटरच्या जरा वर टॉर्क धरून सगळा हिशोब मांडलाय.

सध्या खाली ४एल६०ई गिअरबॉक्स आहे. चालू स्थितीत आहे, तक्रार काही नाही, पण तो आधीच्या बऱ्याच मवाळ इंजिनामागे होता. इंजिन बाहेर आहे तोवर हेही काम उरकावं म्हणतोय.

वापर दोन प्रकारचा. रोजचा रस्ता, त्यात हायवे भरपूर. आणि ट्रॅक डे: वळणांचं सर्किट, वीस ते पंचवीस मिनिटांची सेशन. ड्रॅग स्ट्रिपवर गेलो तर हौस म्हणून, त्यासाठी गाडी बनवायची नाहीये. टायरचा व्यास ६५ सेंटीमीटर, डिफरन्शियलचा रेशो ३.७३, रेव्ह लिमिट (इंजिनचे मिनिटाला जास्तीत जास्त फेरे) ६५००.

यादीत टीएच४००, ४एल८०ई, ६एल८० आणि झेडएफचा ८एचपी७०. जाणकारांनी मत द्यावं. आणि हात जोडून विनंती, "मॅन्युअल टाक की" असं कोणी लिहू नका. डावा गुडघा क्लच दाबायच्या लायकीचा राहिलेला नाही.

उगाचच

मॅन्युअल टाक की.

(पळतो.) बरं, आता गंभीरपणे: पॉवरग्लाइड. दोन गिअर, हलका, आत फिरणारं वजन कमी, मोडायला फारसं काही नाहीच. १९५० पासूनचं डिझाइन आणि ड्रॅगवाले अजूनही त्याच्यावर जीव टाकतात.

तेलकट_हात

उगाचच, नाव सार्थ केलंत. पॉवरग्लाइडचा पहिला गिअर १.७६ किंवा १.८२, त्यानंतर थेट १.००. गाडी हलकी, टॉर्क अफाट आणि काम फक्त ड्रॅगच्या स्टार्टला दिव्यांच्या झाडासमोरून एकदा सुटण्याचं, तर उत्तम. हे साहेब रोज सिग्नलवरून सुटणार आहेत.

वक्रगती, ड्रॅगला टिकणारा आणि सर्किटला टिकणारा गिअरबॉक्स एकच असेल असं नाही. ड्रॅगला दहा-बारा सेकंद जबर धक्का बसतो, मग गाडी पिटमध्ये थंड होत उभी राहते. सर्किटला धक्का तेवढा नसतो, पण वीस मिनिटं सलग तेल तापत राहतं. जाहिरातीत "हजार हॉर्सपॉवरपर्यंत" असं छापलेलं असतं ते बहुतेक वेळा धक्क्याबद्दल असतं. किती वेळ, किती तापमानाला, याबद्दल चकार शब्द नसतो.

ही उष्णता येते कुठून? गिअर बदलताना क्लच घासतात, पंपही तेल तापवतो, पण सगळ्यात मोठा वाटा टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा. लॉकअप, म्हणजे कन्व्हर्टरला घट्ट जोडून टाकणारा आतला क्लच, लागलेलं नसेल तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये फक्त तेल असतं आणि थोडी घसरण कायम असते. तुमचे ५०० हॉर्सपॉवर म्हणजे ३७३ किलोवॅट. वरच्या रेव्हला आठ टक्के घसरण धरा, अगदी माफक आकडा आहे. म्हणजे फुल थ्रॉटलवर जवळजवळ ३० किलोवॅट नुसते तेलात जातात. लॅपचा अर्धा वेळ पेडल खाली धरलं तर सरासरी १५ किलोवॅट, वीस मिनिटं. वळणातून बाहेर येताना रेव्ह खाली असतील तर घसरण आठवर थांबत नाही, वीस-पंचवीस टक्क्यांवर सहज जाते.

म्हणून मी निवड अशी करतो: लॉकअप आहे का, कुठल्या गिअरपासून लावता येतं, आणि फुल थ्रॉटलवर ते धरून राहतं का. मग गिअरचे रेशो. मजबुती त्यानंतर, कारण तुमच्या टॉर्कला पुरेसे मजबूत पर्याय बरेच आहेत.

या हिशोबाने टीएच४०० बाद. १९६४ चा, लोखंडी काळजाचा गिअरबॉक्स, माझा आवडता. पण मूळ रूपात लॉकअप नाही आणि ओव्हरड्राइव्ह (१.०० पेक्षा कमी रेशोचा, हायवेला रेव्ह उतरवणारा गिअर) नाही.

चौथा_गिअर

तेलकट_हात काका, टीएच४०० च्या मागे गिअर व्हेंडर्सचं ओव्हरड्राइव्ह लावता येतं की. ०.७८ रेशो आहे, हायवेचा प्रश्न तिथेच संपतो.

आणि ४एल६०ई ला यादीत घेतच नाही कोणी, हे पटत नाही. वक्रगतींकडे तो आहे, बसतोय, क्रॉसमेंबर-शाफ्ट सगळं तयार. चांगल्या हाताने बांधून घेतला तर ६०० न्यूटन-मीटर सोसतो. तीन-चारच्या पॅकमध्ये जास्त प्लेट, रुंद बँड, मजबूत सन शेल, मोठे सर्वो, झालं काम. वजनही ४एल८०ई पेक्षा चाळीसेक किलो कमी.

तेलकट_हात

ओव्हरड्राइव्ह लावल्याने हायवेला रेव्ह उतरतील, कन्व्हर्टर घसरायचा थांबत नाही. सर्किटला तेल तेवढंच तापणार. शिवाय मागे आणखी एक पेटी टांगायची, तिचं वजन आणि लांबी वेगळी.

४एल६०ई बद्दल तुम्ही दिलेली यादी बरोबर आहे, आणि तीच माझी अडचण आहे. तीन-चारचा क्लच पॅक जागेअभावी लहान. तो तिसऱ्यातही लागतो आणि चौथ्यातही, म्हणजे सर्किटवर ज्या गिअरमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो तिथे भार त्याच्यावरच. सगळं मजबूत करून बांधला तर रस्त्यावर छान चालेल, ड्रॅगलाही चालेल. वीस मिनिटांच्या सेशनला मी स्वतः त्याच्या भरवशावर जाणार नाही. फक्त रस्ता असता तर तुमच्या बाजूने मत दिलं असतं.

यंत्रकन्या

मजबुतीवर तुम्ही दोघे भांडा, मी रेशोचं गणित करून ठेवते. ते कोणी केलेलं दिसत नाही.

६५ सेंटीमीटर व्यासाचं चाक एका फेरीत २.०४ मीटर जातं. ताशी १०० किलोमीटरला चाकाचे मिनिटाला ८१६ फेरे. ३.७३ ने गुणलं तर १.०० च्या गिअरमध्ये इंजिन ३०४४ वर. म्हणजे टीएच४०० घेऊन हायवेला गेलात तर १०० च्या वेगाला तीन हजारांच्या वर, घसरण धरून आणखी थोडं. ४एल८०ई चा चौथा ०.७५, तिथे २२८३. ६एल८० चा सहावा आणि ८एचपीचा आठवा ०.६७, दोन्हीत २०४०. रस्त्याचा प्रश्न इथेच मिटतो: टीएच४०० सोडून बाकी सगळे पास.

सर्किटचं गणित जास्त मजेशीर आहे. ६५०० रेव्हला कुठला गिअर कुठवर जातो ते बघू. ४एल८०ई चे रेशो टीएच४०० सारखेच आहेत, २.४८, १.४८, १.०० आणि वर ०.७५. तर पहिला ८६ पर्यंत, दुसरा १४४, तिसरा २१३. सर्किटवर ताशी ८० ते २०० मध्येच सगळं चालत असेल तर तुमच्या हातात खरे गिअर दोनच: दुसरा आणि तिसरा. १४४ ला दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकलं की रेव्ह ६५०० वरून ४३९० वर. एलएस३ ला तिथे भरपूर टॉर्क असतो, त्यामुळे हे वाटतं तेवढं वाईट नाही. खरी अडचण ताशी ९० ने बाहेर पडायच्या वळणाची. दुसऱ्यात ४०५४, ठीक. तिसऱ्यात २७३९, म्हणजे जरा ढिल्या कन्व्हर्टरच्या स्टॉलच्याही (ज्या रेव्हपर्यंत कन्व्हर्टर इंजिनाला घसरत फिरू देतो) खाली. काकांनी लिहिलेली पंचवीस टक्के घसरण इथे होते. चालवणारा आळशी असेल आणि तिसऱ्यातच राहिला तर तेल उकळणार.

४एल६०ई: ३.०६, १.६३, १.००, ०.७०. पहिल्यातून दुसऱ्यात रेव्ह ६५०० वरून ३४६० वर कोसळतात. सिग्नलवरून सुटायला मस्त, सर्किटला दुसरा गिअर १३१ लाच संपतो.

६एल८०: ४.०३, २.३६, १.५३, १.१५, ०.८५, ०.६७. दुसरा ९० पर्यंत, तिसरा १४०, चौथा १८६. वळणांच्या वेगात एक गिअर जास्त मिळाला.

८एचपी७०: ४.७१, ३.१४, २.१०, १.६७, १.२९, १.००, ०.८४, ०.६७. ३.७३ च्या मागे पहिला ४५ लाच खलास, म्हणून डिफरन्शियल बदलून ३.०८ करावं लागेल. मग तिसरा १२३, चौथा १५५, पाचवा २००, सहावा सव्वादोनशेच्या पुष्कळ पुढे. तिसऱ्याच्या पुढे प्रत्येक बदलाला रेव्ह पाच हजारांच्या वरच राहतात. हायवेला आठव्यात १०० ला १६८४.

निव्वळ कागदावर ८एचपीच्या जवळपासही कोणी नाही.

वक्रगती

यंत्रकन्या, दंडवत. हे गणित मी करायला हवं होतं आणि तुम्ही रात्री बसून केलंत.

मग कागद सोडून जमिनीवर ८एचपी कसा आहे? कोणी लावलाय का?

मंद_आच

माझ्या गाडीत ८एचपी७० आहे, इंजिन वेगळ्याच कंपनीचं. म्हणून सविस्तर लिहितो.

चांगलं आधी. बीएमडब्ल्यूच्या सातव्या मालिकेत २००९ मध्ये हा आला आणि त्यानंतर इतक्या कंपन्यांनी वापरला की भंगारात, अपघातग्रस्त गाड्यांत सहज मिळतो. पहिल्या पिढीत नावातच टॉर्क लिहिलाय: ४५ म्हणजे ४५० न्यूटन-मीटर, ७० म्हणजे ७००, ९० म्हणजे ९००. चार प्लॅनेटरी सेट आणि फक्त पाच क्लच-ब्रेक. कुठल्याही गिअरमध्ये त्यातले तीन बंद असतात, दोनच उघडे. उघडे क्लच तेलात ओढत राहतात आणि त्यानेही उष्णता होते, ती इथे कमी. लॉकअप सुटल्यासुटल्या लावता येतं. सर्किटवर गाडी चालू लागली की कन्व्हर्टर जणू नसतोच. सेशन संपवून आल्यावर माझं तेलाचं तापमान इंजिन ऑइलपेक्षा कमी असतं.

आता जमिनीवरचं. गिअरबॉक्सचा मेंदू गिअरबॉक्सच्या पोटात, व्हॉल्व्ह बॉडीला चिकटून, तेलात बुडालेला. मूळ गाडीत तो इंजिनच्या कॉम्प्युटरशी (ईसीएम) कॅनवर, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या तारांवर, सतत बोलत असतो: टॉर्क किती, पेडल किती, गिअर बदलताना टॉर्क इतका कमी कर. तुमच्या एलएस३ च्या ईसीएमला ती भाषा येत नाही. म्हणून बाहेरचा कंट्रोलर लागतो, टर्बोलॅमिकसारखा, किंवा असा इंजिन कॉम्प्युटर जो गिअरबॉक्सही चालवतो. तो बसवणं सोपं, ट्यून करणं नाही. प्रत्येक क्लचचं भरायचं प्रेशर, वेळ, टॉर्कचा नकाशा हे सगळं जुळेपर्यंत गाडी कधी हिसका देते, कधी गिअर लोण्यासारखा बसतो. टॉर्कचा नकाशा खोटा असेल तर गिअरबॉक्स तुमच्या खोट्यावर विश्वास ठेवून कमी प्रेशर देणार आणि क्लच घसरणार.

मग अॅडाप्टर प्लेट, फ्लेक्सप्लेट (क्रँक आणि कन्व्हर्टर जोडणारी पातळ चकती), कन्व्हर्टरचा पायलट. पार्किंग लॉक केबलवाला की इलेक्ट्रॉनिक ते घेतानाच बघा, नंतर डोक्याला ताप. मागच्या चाकांचा आणि चारही चाकांचा यांच्या मागच्या बाजू वेगळ्या. पॅन प्लास्टिकचा, फिल्टर त्यातच, म्हणून फिल्टर बदलायचा म्हणजे अख्खा पॅन बदलायचा. डिपस्टिक नाही. तेलाची पातळी ठरावीक तापमानाला, इंजिन चालू ठेवून बघायची. आणि "आयुष्यभराचं तेल" या गप्पांवर जाऊ नका. बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. ट्रॅकवर जाणाऱ्याने त्याच्या कितीतरी आधी.

आणि टनेल, म्हणजे मजल्यातला गिअरबॉक्सवरचा उंचवटा, मोजा! जुन्या गाडीचा टनेल तीन-चार गिअरच्या सडपातळ पेटीसाठी बनवलेला असतो. माझा कापून परत बांधावा लागला.

उगाचच

डीसीटीचं, म्हणजे दोन क्लचच्या गिअरबॉक्सचं, नाव कोणी काढलं नाही अजून? गेट्रागचा सात गिअरवाला, बीएमडब्ल्यू एम गाड्यांतला. कन्व्हर्टरच नाही, तर कन्व्हर्टरची उष्णताही नाही.

मंद_आच

चालतो, लोक लावतातही. पण अॅडाप्टर, कंट्रोलर, ट्यूनिंग ही माझी सगळी डोकेदुखी त्यातही आहे, आणि वर ट्रॅफिकमध्ये सरपटताना क्लच घासतात. रोजच्या रस्त्याला कन्व्हर्टरच बरा.

चौथा_गिअर

६एल८० वर कोणीच बोलत नाहीये. २००८ च्या कॉर्वेटपासून एलएस३ आणि ६एल८० ही कंपनीनेच लावलेली जोडी आहे. ईसीएमला त्याची भाषा येते, अॅडाप्टर लागत नाही, पॅडल शिफ्टही मिळतं. यंत्रकन्या ताईंच्या गणितातही तो मधला मार्ग आहे.

यंत्रकन्या

खरंय, आणि वायरिंगच्या बाजूने तो सगळ्यात सोपा. दोनच शंका. कंट्रोल मॉड्यूल त्याचंही पॅनमध्ये, तेलात आहे. तेल १३० च्या पुढे जायला लागलं तर इलेक्ट्रॉनिक्स शेकत बसतं, आणि ते बदललं तर नवीन प्रोग्रॅम करून घ्यावं लागतं. दुसरं म्हणजे मूळ लॉकअप मूळ टॉर्कसाठी आहे. ५०० हॉर्सपॉवरला फुल थ्रॉटलवर लॉक ठेवायचं तर कन्व्हर्टर बदलावा लागेल. मोठा कूलर लावला तर मी त्याला नाही म्हणणार नाही. त्याच्यापेक्षा दणकट हवा तर त्याच घराण्यातला ६एल९० आहे.

तेलकट_हात

मी ४एल८०ई चं वकीलपत्र घेतो, कारण आतापर्यंत त्याचे फक्त दोषच लिहिले गेलेत.

१९९१ पासूनचा, टीएच४०० चंच पोट, वर ओव्हरड्राइव्ह, लॉकअप आणि सोलेनॉइड. जड ट्रक ओढायला बनवला, म्हणून थंड राहण्याचा आणि वंगणाचा विचार मुळातच केलेला. मेंदू बाहेर आहे, गरम तेलात नाही. केबल-व्हॅक्यूमच्या भानगडी नाहीत. तुमच्या ६०० न्यूटन-मीटरला आत फार काही करावं लागत नाही. दुसऱ्या गिअरचा मधला स्प्रॅग (एकाच दिशेला धरणारा क्लच) ३४ घटकांचा टाकून घ्या, डायरेक्ट क्लचला दुहेरी फीड करा, व्हॉल्व्ह बॉडीत एक चांगलं किट. एवढं पुरे.

१९९७ किंवा नंतरची पेटी शोधा. त्या वर्षी कूलरकडून परत येणारी नळी मागे सरकवली, थंड तेल थेट मागच्या गिअरसेटला मिळतं. आधीची असेल तर कूलरच्या नळ्या कुठे जोडता ते नीट बघा.

कन्व्हर्टर: स्टॉल २४०० ते २८०० च्या पुढे जाऊ नका. लोक कॅमचं कार्ड बघून ३५०० मागतात, सिग्नलवर मजा येते आणि सर्किटवर तेल जळतं. आणि एक लक्षात असू द्या, स्टॉलचा आकडा कन्व्हर्टरच्या अंगात नसतो. तोच कन्व्हर्टर मोठ्या टॉर्कच्या इंजिनामागे वर स्टॉल होतो, लहान इंजिनामागे खाली. बनवणाऱ्याला टॉर्कचा आलेख, वजन, डिफरन्शियल, टायर सगळं सांगा आणि त्याला ठरवू द्या. लॉकअप मात्र मल्टी-डिस्क घ्या, तीन प्लेटचं. मूळचं एका प्लेटचं आहे, फुल थ्रॉटलवर दुसऱ्या-तिसऱ्यात लॉक केलं तर फार दिवस चालणार नाही.

कंट्रोलरमध्ये ट्रॅकचा वेगळा नकाशा ठेवा: तिसऱ्यात पेडल कितीही असो, लॉक. दुसऱ्यात ताशी १०० च्या वर लॉक. ३० किलोवॅटचा प्रश्न तिथेच बराचसा मिटतो, आठ गिअर लागत नाहीत.

यंत्रकन्या

काका, मुद्दा मान्य. एक भर: एलएस३ सोबत सहसा येणाऱ्या ई३८ ईसीएममध्ये ४एल८०ई चालवायची सोय नाही. वेगळं टीसीएम (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर) किंवा स्वतंत्र कंट्रोलर घ्यावा लागेल. हे आधीच धरून ठेवा, शेवटच्या दिवशी कळलं तर फार चिडचिड होते.

आणि मधेच गिअर पडण्याबद्दल. पूर्ण ऑटोमॅटिकवर सोडून वळणात गेलात आणि अर्ध्या वळणात त्याने किकडाउन केलं, म्हणजे आपणहून गिअर खाली टाकला, तर मागची चाकं सुटलीच समजा. ट्रॅक नकाशात गिअर तुम्ही मागाल तेव्हाच बदलला पाहिजे. खाली येतानाही, रेव्ह लिमिटच्या वर जाणारा गिअर कंट्रोलरने नाकारला पाहिजे.

तेलकट_हात

बरोबर. आणि ४एल८०ई मध्ये इंजिन ब्रेकिंग लिव्हरच्या जागेवर अवलंबून असतं. लिव्हर ओव्हरड्राइव्हच्या खाचेत ठेवून बटणांनी गिअर खाली घेतले तर ओव्हररन क्लच लागत नाही, स्प्रॅग मोकळा फिरतो, गाडी ब्रेकिंगला घरंगळत येते. ट्रॅकवर लिव्हर ३ वर, आणि दुसऱ्यात ब्रेकिंग हवं तर २ वर. ज्याला हे माहीत नसतं तो ब्रेक पॅडला शिव्या घालतो.

वक्रगती

कूलरबद्दल बोला. रेडिएटरमधली टाकी ठेवू की काढू? आणि सेन्सर कुठे लावायचा? पॅनमध्ये लावला तर ७५ दाखवतो आणि लोक म्हणतात सगळं ठीक.

तेलकट_हात

तुमची शंका रास्त आहे. पॅनमधलं तापमान म्हणजे थंड होऊन, मिसळून आलेलं तेल. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारं तेल त्याच्यापेक्षा बरंच गरम असतं, कधी कधी चाळीस-पन्नास अंशांनी. दोन सेन्सर लावा: एक पॅनमध्ये, एक कूलरकडे जाणाऱ्या नळीत. पॅनमध्ये ८० ते ९५ ही सुखाची जागा. ११० दिसलं की एक लॅप हळू चालवा. १२० च्या वर सतत राहिलं तर तेलाचं आयुष्य झपाट्याने घटतं, सील कडक होतात. जाणत्या लोकांचा ठोकताळा असा की दर दहा-अकरा अंशांना आयुष्य निम्मं.

कूलर प्लेटवाला घ्या, नळी-पंखवाला नको. पुढे, हवेच्या वाटेत, आणि कमी वेगासाठी मागे स्वतंत्र पंखा. रेडिएटरची टाकी असेल तर तेल आधी टाकीतून, मग बाहेरच्या कूलरमधून. नसेल तर थर्मोस्टॅट घाला, नाहीतर हिवाळ्यात हायवेला तेल कधी तापतच नाही आणि लॉकअप उशिरा लागतं. नळ्या जाड घ्या, कोपरे कमी ठेवा.

मंद_आच

एक राहिलं. लांब वळणात पॅनमधलं तेल एका बाजूला चढतं आणि फिल्टरचं तोंड उघडं पडतं. पंपाने हवा ओढली की प्रेशर पडतं, क्लच घसरतात, आणि हे तापमानाच्या काट्यावर दिसत नाही. खोल पॅन आणि आत आडपडदे. लाइन प्रेशरचा गेज एखाद्या सेशनला तात्पुरता लावून बघा. आणि जास्त तेल भरून हा प्रश्न सोडवायला जाऊ नका. फिरत्या भागांना तेल लागलं की फेस होतो, ब्रीदरमधून बाहेर येतं, गरम एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेतं. ब्रीदरची नळी वर नेऊन कॅच कॅनमध्ये सोडा.

उगाचच

आता खरंच गंभीर: ड्रॅगला हौस म्हणून जाणार असलात तरी फ्लेक्सप्लेट एसएफआय (रेसिंगच्या सुरक्षेचं प्रमाणपत्र) २९.१ ची आणि गिअरबॉक्सवर एसएफआय ४.१ चं कवच, हे आत्ताच करून घ्या. पेटी खाली असताना फुकटची मेहनत वाचते. आणि ते कवच तुमच्या पायांसाठी आहे, उरलेल्या गुडघ्याची काळजी घ्या.

वक्रगती

उगाचच, पहिल्यांदाच तुमचा सल्ला वहीत उतरवला.

टनेल मोजला. ८एचपी बसायला दोन्ही बाजूंनी कापावं लागेल, आणि गाडीच्या मजल्याला हात लावायची माझी तयारी नाही. ६एल८० अडकत-अडकत बसेल. ४एल८०ई ला फक्त क्रॉसमेंबर मागे घ्यायचा आणि शाफ्ट आखूड करायचा. तर ४एल८०ई, १९९७ नंतरचा, तीन प्लेटचा कन्व्हर्टर, स्टॉल २६०० च्या आसपास, डिफरन्शियल ३.७३ तसंच.

चौथा_गिअर

अभिनंदन. पण माझं मत नोंदवून ठेवतो: दुसऱ्या-तिसऱ्यातली ती दरी तुम्हाला घट्ट वळणांच्या सर्किटवर रोज टोचणार. ६एल८० च्या १.५३ आणि १.१५ ची आठवण येईल.

यंत्रकन्या

टोचेल, नाकारत नाही. फार टोचलं तर ४.१० चं डिफरन्शियल लावून बघा. ९० च्या वळणाला तिसऱ्यात ३०११ होतील, दुसरा १३१ पर्यंत जाईल, आणि हायवेला चौथ्यात १०० ला २५०९, तरीही टीएच४०० पेक्षा कमी. आधी ३.७३ वर एक हंगाम चालवा मात्र.

वक्रगती

कन्व्हर्टर आणि क्रँक यांच्यात काही भानगड असते ना? कुठेतरी स्पेसरबद्दल वाचलं होतं.

तेलकट_हात

असते. एलएसच्या क्रँकचा मागचा फ्लँज शेवरोलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक इंजिनापेक्षा सुमारे १० मिलिमीटर आत आहे. जुन्या मापाचा, टीएच४०० किंवा ४एल८०ई साठीचा कन्व्हर्टर घेतलात तर सपाट फ्लेक्सप्लेट, मध्ये स्पेसर आणि लांब बोल्ट लागतात. कन्व्हर्टर एलएसच्या मापाचा बनवून घेतला तर स्पेसर लागत नाही. दोन्ही मिसळू नका, बनवणाऱ्याला विचारूनच फ्लेक्सप्लेट घ्या.

बसवताना कन्व्हर्टर हाताने फिरवत आत ढकला, पंपात पूर्ण बसेपर्यंत. मग बेल हाउसिंग इंजिनला बोल्टने आवळा, आणि तेव्हाही कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर तिथेच थांबा, बोल्टने ओढून घेतलंत तर पंप फुटतो. कन्व्हर्टरचे पॅड आणि फ्लेक्सप्लेट यांच्यातली फट मोजा, तीन ते पाच मिलिमीटर हवी. कमी आली तर मापात काहीतरी चुकलंय, जास्त आली तर पॅडखाली वॉशर.

शाफ्टचा पुढचा योक नवा लागेल. ४एल६०ई चा २७ दातांचा, ४एल८०ई ला ३२ दातांचा, टीएच४०० वाला बसतो. कूलर आणि त्याच्या नळ्या जुन्या वापरणार असाल तर आतून धुऊन घ्या, जुन्या पेटीची बारीक धूळ नव्यात जायला नको. सुरू करायच्या आधी कन्व्हर्टरमध्ये लिटरभर आणि पॅनमध्ये चार-पाच लिटर डेक्सरॉन ६ (गिअरबॉक्सचं तेल). इंजिन सुरू झालं की लगेच आणखी घालत राहा, कन्व्हर्टर आणि कूलर भरेपर्यंत पातळी खाली जात राहते. तापल्यावर पार्कमध्ये, इंजिन चालू ठेवून डिपस्टिक बघा. थंड असताना बघून पूर्ण भरू नका.

वक्रगती

उतरवून घेतलं. पेटी आली की फटीचं माप इथेच टाकतो.